शेजारची नौका ऐकते आहे काय?

हर्णै, मिरकरवाडा, मालवण किंवा मुंबईचा ससून डॉक यांपैकी एखाद्या बंदरात तुम्ही कधी गेलात, तर धक्क्याला लागलेल्या मच्छीमार नौकांच्या डोलकाठ्यांकडे नीट पाहा. झेंडे, पताका आणि दिवे यांच्या गर्दीत एक-दोन बारीक, उभ्या काठ्या दिसतील. त्या म्हणजे बिनतारी संचाचे एरियल. एखाद्या मोठ्या नौकेवर अशा तीन-तीन काठ्या असतात, एखाद्या लहान होडीवर एकही नसते. त्यांच्याकडे बोट दाखवून "केवढी ही विज्ञानाची प्रगती!" असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला मात्र त्या काठ्या पाहिल्या की एक साधा प्रश्न पडतो. इथून बोललेले कोणाला ऐकू जाते, आणि ज्याला ऐकू जाते त्याच्यावर ऐकण्याचे काही बंधन आहे काय?

विद्यार्थी मित्रांनो, जहाजांच्या बिनतारी जाळ्याविषयी बोलताना आपण यंत्राचे फार कौतुक करतो आणि या प्रश्नाकडे दुर्लक्ष करतो. भर समुद्रात नौकेला भोक पडले, तर पहिली मदत किनाऱ्यावरच्या कार्यालयातून येत नसते. जी नौका सर्वांत जवळ असेल ती येते. म्हणून समुद्रावरचे कोणतेही संदेशजाळे चांगले की वाईट, हे ठरवताना शेजारच्या नौकेला ऐकू जाते की नाही, हे मी प्रथम पाहीन. माझे हे मत कशावरून बनले ते आता सांगतो.

बिनतारी यंत्र येण्यापूर्वी जहाज क्षितिजाआड गेले की ते जगाला मुके होई. निशाणे, दिवे, तोफेचे बार ही सगळी साधने नजरेच्या किंवा कानाच्या टप्प्यातली. मार्कोनीने विद्युत्-चुंबकीय लहरींनी संदेश पाठवण्याचे यंत्र व्यवहारात आणले आणि त्याचा पहिला खरा उपयोग समुद्रावरच झाला. इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्याजवळ गुडविन नावाचा वाळूचा धोकादायक पट्टा आहे. तेथील दीपनौकेवर त्याने आपला संच बसवला होता. १८९९ मध्ये दाट धुक्यात एक जहाज या दीपनौकेवरच येऊन आदळले. तिने बिनतारी संदेशाने मदत मागितली आणि ती तिला मिळाली. तारेचे खांब रोवता येत नाहीत अशा ठिकाणी ही विद्या किती मोलाची आहे, हे त्या दिवशी सर्वांना पटले.

पण पुढे काय झाले पाहा. मार्कोनीची कंपनी जहाजांना संच विकत देत नसे. ती तो आपल्या पगारी तारमास्तरासह भाड्याने देई. आणि संकटकाळ सोडला, तर दुसऱ्या कंपनीचा संच असलेल्या जहाजाशी बोलायचे नाही, असा या तारमास्तरांना हुकूम असे. १९०२ मध्ये 'डॉइशलांट' या जर्मन जहाजातून जर्मन सम्राटाचा भाऊ अमेरिकेहून परतत होता. जहाजावर जर्मन बनावटीचा संच. त्याचा निरोप अमेरिकेच्या किनाऱ्यावरील मार्कोनी केंद्राने घेतलाच नाही. लहरी पोहोचत होत्या. घेणाऱ्याने कान बंद केले होते. तुमच्या गावात दोन कंपन्यांचे टेलिफोन असावेत आणि एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनशी बोलताच येऊ नये, तसलाच हा प्रकार!

राजपुत्राचा अपमान झाला म्हणून का होईना, पण देशांनी ही गोष्ट मनावर घेतली. १९०३ मध्ये बर्लिनला प्राथमिक परिषद भरली आणि १९०६ मध्ये तिथेच करार झाला. संच कोणत्याही बनावटीचा असो, जहाज आणि किनारा यांनी एकमेकांचे संदेश घेतलेच पाहिजेत. संकटाच्या हाकेला इतर सर्व संदेशांच्या आधी वाट द्यायची. आणि ती हाक म्हणजे तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे. ही 'एसओएस'ची खूण या करारातूनच रूढ झाली. भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत हर्ट्झ आणि मार्कोनी यांची नावे असतात, पण १९०६ च्या या कराराचा उल्लेख नसतो. तो असायला हवा. या कराराखेरीज समुद्रावर यंत्रे पुष्कळ होती, पण त्यांचे जाळे झाले नव्हते.

तरीही एक पळवाट राहून गेली होती. बोलण्याचे नियम झाले, पण सतत ऐकत बसण्याचा नियम झाला नव्हता. तिची किंमत १४ एप्रिल १९१२ च्या रात्री मोजावी लागली.

टायटॅनिकची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे. तिच्यातला बिनतारी खोलीतला भाग बहुधा ठाऊक नसेल. फिलिप्स आणि ब्राइड हे दोन तरुण तारमास्तर जहाजावर होते. आदल्या दिवशी त्यांचा संच बिघडला होता. दोघांनी रात्रभर खपून तो दुरुस्त केला. पण तोवर प्रवाशांच्या खाजगी तारांचा ढीग साचला होता. त्या रविवारी अनेक जहाजांनी पुढे हिमनग असल्याचे कळवले. रात्री पावणेदहाच्या सुमारास 'मेसाबा' जहाजाने दिलेली सूचना सर्वांत महत्त्वाची होती. ती कप्तानाच्या पुलापर्यंत पोहोचलीच नाही. अकराच्या सुमारास 'कॅलिफोर्नियन' या जवळच्याच जहाजाचा तारमास्तर सांगू लागला की आम्ही बर्फात अडकून उभे आहोत. फिलिप्स तेव्हा किनाऱ्याला प्रवाशांच्या तारा पाठवण्यात गढला होता. त्याने त्याला गप्प बसायला सांगितले. तो बिचारा गप्प बसला, थोडा वेळ ऐकत राहिला आणि साडेअकराच्या सुमारास संच बंद करून झोपी गेला. त्या जहाजावर तारमास्तर एकटाच होता. दिवसभर काम करून त्याने झोपू नये तर काय करावे? रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी टायटॅनिक हिमनगावर आदळले.

कॅलिफोर्नियन किती दूर होते याविषयी वाद आहे. त्याच्या कप्तानाच्या हिशोबाने साडेएकोणीस मैल, चौकशी न्यायालयाच्या मते त्याहून कितीतरी कमी. काही झाले तरी 'कार्पेथिया'पेक्षा ते पुष्कळच जवळ होते. कार्पेथिया ५८ मैलांवर होते. त्याचा तारमास्तरही झोपण्याच्या तयारीत होता, पण योगायोगाने अजून त्याच्या कानाला श्रवणयंत्र होते. त्याने हाक ऐकली, जहाज वळले आणि पहाटे चारच्या सुमारास पोहोचून त्याने सातशेहून अधिक माणसे वाचवली. दीड हजारांच्या आसपास माणसे त्याआधीच गेली होती.

ही हकिकत शाळेत सांगताना माणसाच्या गर्वाची गोष्ट म्हणून सांगतात. मला ती तशी वाटत नाही. त्या रात्री टायटॅनिकचा संच ठणठणीत चालत होता आणि शेकडो मैलांवर ऐकू जात होता. उणीव होती ती शेजारी जाग्या असलेल्या कानाची. पुढे १९१४ च्या लंडन परिषदेत मोठ्या प्रवासी जहाजांवर चोवीस तास कोणीतरी ऐकत बसलेच पाहिजे असा नियम ठरला, आणि संकटसंदेशांच्या लहरीवर जगभरचे तारमास्तर आळीपाळीने कान लावून बसू लागले.

१ फेब्रुवारी १९९९ पासून मोठ्या जहाजांवर हे काम पूर्णपणे यंत्रांकडे गेले. आता संकटात असलेल्या जहाजाने एक कळ दाबली की टप्प्यातल्या सर्व जहाजांवर आपोआप घंटा वाजते. झोप न येणारा कान मिळाला, हे चांगलेच झाले. त्याहून मजेदार गोष्ट म्हणजे स्वयंचलित ओळख यंत्रणा, जिला खलाशी नुसते 'एआयएस' म्हणतात. या यंत्रणेतले प्रत्येक जहाज आपले नाव, ठिकाण, वेग आणि दिशा दर काही सेकंदांनी हवेत सांगत असते आणि इतरांचे ऐकत असते. आता तुम्ही विचाराल की सगळेच एकदम बोलू लागले तर गोंगाट होणार नाही काय? वर्गात शिक्षक नसले की काय होते ते तुम्हांला माहीतच आहे! त्यासाठी केलेली युक्ती फार सुंदर आहे. प्रत्येक मिनिटाचे २,२५० समान तुकडे पाडले आहेत. ६० सेकंदांना २,२५० ने भागा. एक तुकडा सुमारे २७ सहस्रांश सेकंदाचा येतो. बोलण्याचा वेग सेकंदाला ९,६०० अंक आहे, म्हणजे एका तुकड्यात २५६ द्विमान अंक मावतात. जहाजाचे ठिकाण नि वेग सांगायला तेवढे पुरतात. प्रत्येक जहाज बोलतानाच "यानंतर मी अमुक तुकडा घेणार" असेही सांगून ठेवते आणि ऐकणारे तो तुकडा मोकळा सोडतात. वर कोणी मॉनिटर नाही, हजेरीपट नाही, तरी शिस्त आहे. कारण प्रत्येकजण बोलण्याआधी ऐकतो.

अशा दोन वाहिन्या आहेत, म्हणून मिनिटाला ४,५०० तुकडे. दहा सेकंदांनी एकदा, म्हणजे मिनिटाला सहा वेळा बोलणारी जहाजे धरली, तर एका परिसरात ७५० जहाजांची सोय झाली. पुरेशी वाटते ना?

पण गोम पुढेच आहे. हे आंतरराष्ट्रीय नियम मुख्यतः ३०० टनांहून मोठ्या, परदेशी ये-जा करणाऱ्या जहाजांसाठी आहेत. आपल्या कोकणचा तांडेल आणि त्याचे खलाशी त्यात बसत नाहीत. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी 'कुबेर' ही गुजरातची मच्छीमार नौका बळकावून आले. त्यानंतर २० मीटरहून लांब नौकांवर एआयएस बंधनकारक झाले आणि किनाऱ्यावरच्या दीपगृहांवर ते संदेश टिपणारी केंद्रे बसली. योग्यच झाले. परंतु हेतू लक्षात घ्या. पाळत ठेवणे हा तो हेतू होता. नौकांनी एकमेकींशी बोलावे हा नव्हता. आणि २० मीटरहून आखूड नौकांचे काय? आपल्या किनाऱ्यावर त्यांचीच संख्या मोठी.

बरे, लहान नौकेवर साधा व्हीएचएफ संच बसवला तर? इथे भूमिती आडवी येते. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. एरियलची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा, त्याला ४.१२ ने गुणा. लहरींचे क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळेल. (डोळ्याच्या क्षितिजासाठी हाच आकडा ३.५७ आहे, वातावरण बिनतारी लहरींना किंचित अधिक वाकवते म्हणून हा फरक.) दोन नौकांची क्षितिजे मिळवली की त्या किती अंतरावरून बोलू शकतील ते मिळते. मोठ्या जहाजाचे एरियल २५ मीटर उंच असेल, तर क्षितिज २०.६ किलोमीटर, अशी दोन जहाजे ४१ किलोमीटरवरून बोलतील. लहान नौकेचे एरियल पाण्यापासून ४ मीटर असेल, तर क्षितिज ८.२ किलोमीटर, आणि दोन लहान नौकांचे बोलणे साडेसोळा किलोमीटरवर संपते. संचाची शक्ती दुप्पट केली तरी पृथ्वीची गोलाई काही सपाट होत नाही.

मासळीमागे नौका शंभर किलोमीटर आत गेली, तर किनाऱ्यावर केवढा मनोरा हवा? गणित करून पाहा. जवळजवळ ५०० मीटरचा येतो. एवढा मनोरा कोणी बांधत नाही. सह्याद्रीचे कडे आहेत खरे, पण ते किनाऱ्यापासून पुष्कळ आत. लांब तरंगलांबीच्या लहरी याहून दूर जातात, पण त्यांना मोठे एरियल, जास्त वीज आणि शिकलेला माणूस लागतो. म्हणजे ज्याच्याकडे पैसा आहे त्याचा आवाज दूर जातो आणि ज्याची होडी बुडण्याची शक्यता अधिक त्याचा जवळच विरतो.

याचा अर्थ काय होतो ते २०१७ च्या ओखी वादळात दिसले. २९ नोव्हेंबरला श्रीलंकेजवळ कमी दाबाचे क्षेत्र तीव्र झाले आणि दुसऱ्याच दिवशी कन्याकुमारीपाशी त्याचे चक्रीवादळ झाले. इतक्या थोड्या वेळात किनाऱ्यावर इशारे निघाले, पण कन्याकुमारी आणि केरळचे कितीतरी मच्छीमार त्याआधीच कित्येक दिवसांच्या सफरीवर खोल समुद्रात गेलेले होते. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला काय नि दहा नंबरचा चढला काय, शंभर मैलांवर तो कोणाला दिसणार? मृत आणि बेपत्ता मिळून तीनशेहून अधिक माणसे त्या वादळाने नेली. वादळ उत्तरेकडे सरकले तेव्हा केरळ-तामिळनाडूच्या साठाहून अधिक नौका, सुमारे साडेनऊशे मच्छीमार घेऊन, आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या. घरी त्यांची वाट पाहणाऱ्यांना ते जिवंत आहेत की नाहीत हे कळायलाही वेळ लागला.

आपल्या शास्त्रज्ञांनी हात बांधून ठेवले होते असे मात्र नाही. इस्रोने २०१० पासून एक संकटसूचक यंत्र उपलब्ध केले होते. मच्छीमाराने कळ दाबली की संदेश उपग्रहामार्फत तटरक्षक दलाला मिळे. पण आपली हाक पोहोचली की नाही, हे त्या पहिल्या यंत्रात हाक मारणाऱ्याला कळत नसे. ओखीनंतर, २०१९ मध्ये, 'जेमिनी' हे यंत्र आले. त्यावर वादळाची आणि मासळीच्या ठिकाणांची सूचना उपग्रहावरून नौकेला मिळते, पण नौकेला उलट बोलता येत नाही. एक मुका, दुसरा बहिरा! दोन्ही यंत्रे आपापल्या जागी उपयोगी, पण दोन अर्ध्या पुलांचा एक पूल होत नाही.

तो पूर्ण करण्याचा प्रयत्न आता चालू आहे. इस्रोच्या जीसॅट-६ उपग्रहाचा उपयोग करणारा, दोन्ही बाजूंनी बोलणारा संच तयार झाला. तो मोबाइलला जोडता येतो आणि आपल्या भाषेत संदेश लिहिता-वाचता येतो. ३० ऑगस्ट २०२४ रोजी आपल्याच पालघरला या योजनेचा देशव्यापी आरंभ झाला. किनाऱ्यावरच्या तेरा राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून १ लाख मच्छीमार नौकांवर असे संच बसवायचे आहेत. खर्च सुमारे ३६० कोटी रुपये. हा पैसा योग्य ठिकाणी जातो आहे असे मी म्हणेन. लहान नौका प्रथमच जाळ्यात येत आहे.

माझे दोन आग्रह मात्र आहेत. पहिला हा की, संदेशाचा ओघ नौकेकडून उपग्रहाकडे, तिथून किनाऱ्याकडे एवढाच राहू नये. मुंबईच्या समन्वय केंद्राला हाक कळावीच; पण दहा किलोमीटरवर जाळे टाकून बसलेल्या नौकेला ती त्याच क्षणी कळली पाहिजे. कार्पेथिया तिथे होते म्हणून माणसे वाचली. नौकांनी एकमेकींचे संदेश पुढे सरकवावेत, म्हणजे साडेसोळा-साडेसोळा किलोमीटरच्या उड्या मारीत बातमी दूरवर जाईल. असे जाळे शक्य आहे हे केरळमध्ये अमृता विश्वविद्यापीठाच्या संशोधकांनी नौकांवर 'ओशननेट' नावाने प्रयोग करून दाखवले आहे. उपग्रह वर असला तरी अशा शेजारधर्माच्या जाळ्याला पर्याय नाही असे मला वाटते.

दुसरा आग्रह थोडा अडचणीचा आहे. पुष्कळ ठिकाणी मच्छीमार आपला एआयएस संच बंद करून ठेवतात. अधिकारी याला बेशिस्त म्हणतात, आणि कधी कधी ती असतेही. पण त्या माणसाच्या जागी उभे राहून पाहा. मासळी कुठे लागते हे त्याचे पिढीजात भांडवल. संच चालू ठेवला तर ते ठिकाण प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला पडद्यावर दिसते. हद्द ओलांडल्याचा दंडही त्याच संचाच्या पुराव्यावर व्हायचा. मग तो कळ बंद करतो, आणि वादळाच्या दिवशी ती बंदच असते. समुद्राची सुरक्षितता सांभाळायला पाळत हवी, हे कोणी नाकारणार नाही. तरी संकटाची हाक, हवामानाची सूचना आणि नौकांचे आपसातले बोलणे दंडाच्या वहीपासून वेगळे ठेवावे, आणि रोजचे ठिकाण सर्वांना उघडे न करता संकटाच्या वेळीच शेजाऱ्यांना दिसावे, अशी रचना करता येण्यासारखी आहे. ती कशी असावी हे ठरवताना तांडेलांना विचारले पाहिजे. त्यांच्या विश्वासावाचून बसवलेला संच नुसता डोलकाठीचा दागिना होईल.

किनाऱ्याजवळच्या शाळांतील शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. नववी-दहावीच्या मुलांना सुटीच्या दिवशी बंदरात न्या. पाच-सहा तांडेलांना विचारा: एरियल पाण्यापासून किती उंच आहे, संच कोणता आहे, तो केव्हा बंद करता, आणि मागच्या सफरीत साधारण किती आत, कोणत्या दिशेला होता. मासळीची नेमकी जागा विचारू नका. ती ते सांगणार नाहीत आणि सांगूही नये. मग समुद्राच्या नकाशावर प्रत्येक नौकेभोवती तिच्या क्षितिजाएवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढा. ज्यांची वर्तुळे एकमेकांना शिवतात त्या नौका एकमेकींना ऐकू शकतात. किती वर्तुळे अगदी एकटी राहिली ते मोजा, आणि तो नकाशा संपादकांच्या पत्त्यावर पाठवा.